एकशे अठ्ठेचाळीस आणि अठरा

मी रक्त मोजायला शिकले ते कुणाची सेवा करावी म्हणून नाही. आता लोक म्हणतात, बाईंनी त्या काळात केवढं काम केलं. मी मान डोलावते आणि समोरचा चहा पिते. खरं सांगायचं तर मला एका डॉक्टरची जिरवायची होती. त्याला चारचौघांत, त्याच्याच दवाखान्यात खोटा पाडायचा, एवढा एकच उद्योग डोक्यात धरून मी सव्वा वर्ष दुसऱ्यांच्या रक्ताच्या काचा धूत बसले होते.

माझ्याजवळ दोन चिठ्ठ्या होत्या. दोन्हींवर माझ्या नवऱ्याचं नाव. पहिली अंबरनाथला ते ज्या कारखान्यात होते तिथल्या दवाखान्याची. तिच्यावर लिहिलं होतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी सात हजार चारशे. दुसरी कल्याणच्या सरकारी दवाखान्यातली, पहिल्या मोजणीनंतर बाराव्या दिवसाची. तिच्यावर नऊशे. त्यानंतर तीन दिवसांनी हे गेले. एकोणतीस वर्षांचे होते. मुलगी चार महिन्यांची होती.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत एका खोलीत राहायचो. यांचं घर चामटोलीचं. तिथे थोडी भातशेती, सासू-सासरे आणि धाकटा दीर. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणून मला सातवीपर्यंत शिकायला मिळालं होतं आणि त्या शिकण्याचा मला गर्वही होता. हे सायकलने अंबरनाथला जायचे. तिथे रबर चढवलेलं कापड तयार व्हायचं, बाळंतिणीच्या खाटेवर घालतात तसलं. रबर विरघळवायला एक पातळ द्रव वापरत. त्याचं खरं नाव बेंझॉल, पण सगळे त्याला सोल्युशन म्हणायचे. त्याला गोडसर वास यायचा. यांच्या शर्टाला तो इतका मुरलेला असायचा की सोड्याने धुतला तरी जायचा नाही. मला तो वास आवडायचा, हेही सांगून टाकते.

सोल्युशन खात्यातल्या माणसांना कंपनी रोज अर्धा शेर दूध आणि गुळाचा खडा द्यायची. दुधाने विष उतरतं अशी समजूत, साहेबांचीही आणि कामगारांचीही. बाकीच्या खात्यांत दूध नाही, म्हणून त्या खात्याला मान. यांनी ते दूध तिथे कधी प्यायलं नाही. कडीच्या डब्यात घालून घरी आणायचे, कारण माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं होतं आणि दुसऱ्या खेपेला सुईणीने बजावलं होतं की हिला दूध द्या, नाहीतर हेही राहणार नाही. दूध विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. मी डब्याला तोंड लावून प्यायचे आणि हे गुळाचा खडा तोंडात टाकून बघत बसायचे.

दर तीन महिन्यांनी सोल्युशन खात्यातल्या माणसांची बोटं टोचून रक्त घेत. ज्याच्या पेशी कमी भरतील त्याला त्या खात्यातून काढून बाहेर गठ्ठे उचलायला घालायचं, असा नियम होता. मोजायचं काम कंपनीच्या डॉक्टरचं. तो कल्याणहून आठवड्यातून दोन दिवस यायचा. पन्नाशीचा, कोटाला इस्त्री, आवाज खणखणीत.

मुलगी झाल्यावर दोन-अडीच महिन्यांत यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. भाकरीच्या तुकड्याला लाल लागायचं. मग तोंडात फोड आले. पोटऱ्यांवर निळे डाग दिसायला लागले आणि कुठे आपटलात म्हटलं तर सांगता यायचं नाही. शेवटी घसा धरला आणि ताप भरला तेव्हा मी मुलीला कडेवर घेतलं, यांना टांग्यात बसवलं आणि कंपनीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरला म्हटलं, "यांच्या हिरड्या बघा, पाय बघा." त्याने पाय बघितले नाहीत. वही उघडली, बिल्ल्याचा नंबर विचारला आणि पानावर बोट ठेवलं.

"गेल्याच आठवड्यात मोजलंय. सात हजार चारशे. बाई, असं रक्त माझं स्वतःचं नाही. घसा सुजलाय, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा आणि सोमवारी कामावर पाठवा."

मी हट्ट धरला म्हणून त्याने तो आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. हे जमिनीकडे बघत उभे होते. मला वाटलं, तापाने मान वर होत नसेल.

कल्याणला नेलं तेव्हा नाकातून रक्त थांबत नव्हतं. तिथल्या तरुण डॉक्टरने रक्त बघितलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, "हे कुठे कामाला आहेत?" मी सांगितलं. तो म्हणाला, "यांच्या अंगात पांढऱ्या पेशी उरल्याच नाहीत. घशातल्या जंतूला आता अडवणार कोण?" तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं.

चामटोलीत सगळे म्हणाले, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. सासरे म्हणाले, झालं गेलं, गंगेला मिळालं. माझं गंगेला काही मिळालं नव्हतं. बारा दिवसांत साडेसहा हजार पेशी गेल्या कुठे? मी सातवी शिकले होते, मला वजाबाकी येत होती. तो डॉक्टर रक्त मोजतच नाही, मनाला येईल तो आकडा लिहितो, असं मी ठरवून टाकलं. मुलीला माझ्या आईकडे ठेवलं आणि त्या माणसाला पुरून उरायचं म्हणून बाहेर पडले.

तेव्हा उल्हासनगरला सगळे कॅम्पच म्हणत. लष्कराच्या जुन्या बराकी, आणि एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून आठ-आठ, दहा-दहा सिंधी कुटुंबं. अशाच एका अर्ध्या बराकीत एक म्हातारे गृहस्थ रक्त-लघवी तपासायचे. सिंधमध्ये मोठ्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर तेच काम केलं होतं. येताना घरचं सोनं मागे ठेवलं आणि सूक्ष्मदर्शक मात्र रजईत गुंडाळून बोटीने आणला, असं त्यांची बायको अजून रागाने सांगायची. त्यांना सगळे साईं म्हणत, मीही म्हणू लागले. मी काम मागायला गेले तेव्हा त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले.

"काच फोडणार नाही ना?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"नाही," मी म्हटलं. पहिल्याच दिवशी दोन फोडल्या.

सहा महिने मी नुसत्या काचा धुतल्या. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. रक्त मोजणं म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कुणाला कळायचा नाही. बोटावर सुई टोचायची, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा काचेच्या बारीक नळीत अर्ध्या खुणेपर्यंत ओढायचा, तोंडानेच. वर तसंच पातळ आंबट पाणी ओढायचं. त्यात जांभळा रंग असतो. त्या पाण्यात लाल पेशी फुटून विरघळतात आणि पांढऱ्या तेवढ्या राहतात. नळी हलवायची, पुढचे थेंब टाकून द्यायचे आणि मग एक थेंब रेघा कोरलेल्या काचेवर सोडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली अंगणात चौकोन आखल्यासारख्या रेघा दिसतात. चार कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन मोजायचे. डावीकडच्या आणि वरच्या रेघेवर बसलेल्या पेशी धरायच्या, उजवीकडच्या आणि खालच्या सोडायच्या, म्हणजे एकच पेशी दोनदा धरली जात नाही. जो आकडा येईल त्याला पन्नासने गुणायचं.

पन्नासने गुणायचं हे कळलं त्या दुपारी मी पदराच्या गाठीतून दोन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि उलटा हिशेब केला. सात हजार चारशे म्हणजे एकशे अठ्ठेचाळीस. नऊशे म्हणजे अठरा. चार चौकोनांत मिळून अठरा ठिपके! कल्याणच्या त्या डॉक्टरला किती शोधावं लागलं असेल. आणि आमचा कोटवाला म्हणतो एकशे अठ्ठेचाळीस. मी त्या दिवशी जेवले नाही.

साईंनी मला आकडा वाचायलाही शिकवलं. धडधाकट माणसाच्या पेशी चार हजारांपासून दहा-अकरा हजारांपर्यंत कुठेही असतात. अंगात पू झाला, गळू झालं, अपेंडिक्स सुजलं की वाढतात, पंधरा हजार, वीस हजार. धावत आलेल्या माणसाच्या, रडून लाल झालेल्या पोराच्याही थोड्या वाढतात, म्हणून आधी बसवून पाणी द्यायचं आणि मग टोचायचं. लाखाच्या घरात गेल्या तर साईं चिठ्ठी स्वतः लिहीत आणि घरच्यांना बाजूला घेत. टायफॉइडमध्ये कमी होतात, काही औषधांनी होतात. आणि काही विषं अशी असतात की पेशी जिथे तयार होतात ती हाडांतली जागाच सुकवतात. मग त्या महिन्या-महिन्याला उतरत जातात. लोकांची मात्र उलटी समजूत होती. पांढऱ्या पेशी म्हणजे पू, तेव्हा जेवढ्या कमी तेवढं रक्त स्वच्छ! कमी आकड्याची चिठ्ठी घेऊन पेढे वाटायला निघालेला माणूस मी बघितला आहे.

"एक आकडा काही सांगत नाही," साईं म्हणायचे. "कुणाचं रक्त, कधी घेतलं, त्याला काय होतंय, हे विचार. नंतर आकड्याकडे बघ."

मी त्यांना माझ्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितल्या. म्हणाले, "बारह दिन में? इस बीमारी में महीने लगते हैं, बेटी. दोनों चिट्ठियाँ एक आदमी की नहीं लगतीं."

हे वाक्य मी ऐकलं आणि मला हवा तो अर्थ घेतला. साईंसारखा माणूसही म्हणतो की चिठ्ठी खोटी आहे, तेव्हा आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही. साईंनी माझ्या तोंडाकडे बघून हात जोडले. "गिनती में गुस्सा मत मिलाओ." पण पालथ्या घड्यावर पाणी.

कारखान्यात रक्त घ्यायचा दिवस मला ठाऊक होता. साईंकडून एक नळी आणि मोजायची काच मागून घेतली. चामटोलीहून दिराला बोलावलं. तो त्याच कारखान्यात, पण बांधणी खात्यात होता. तिथे कापडाचे गठ्ठे बांधायचे, सोल्युशनशी संबंध नाही. एकट्या बाईने कारखान्याच्या फाटकातून आत जाणं तेव्हा बरं दिसत नव्हतं, आणि शिवाय मला रक्त द्यायला एक धडधाकट माणूस हवा होता. दिराला मी यातलं काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, दवाखान्यात काम आहे, चल.

दवाखान्यापुढे चाळीसेक माणसं रांगेत होती. मी रांग ओलांडून थेट डॉक्टरच्या टेबलापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही रक्त मोजत नाही. आकडे मनाने लिहिता. माझा नवरा त्या आकड्याने मेला. मोजत असाल तर आत्ता माझ्यासमोर मोजून दाखवा. तुमच्यानंतर मी मोजते."

डॉक्टरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. सव्वा वर्ष मी या लाल पाळ्यांची वाट बघत होते.

"कुणाचं रक्त घेऊ?" तो म्हणाला.

मी दिराला पुढे ढकललं. तो हलेना. हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. एवढा आडदांड माणूस सुईला भितो की काय, म्हणून मी त्याचं मनगट धरून हात टेबलावर ठेवला. डॉक्टरने सुई टोचली, पहिला थेंब पुसला, दुसरा नळीत ओढला. थेंब बरोबर खुणेवर थांबला, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. कांदा चिरणाऱ्या बाईचा हात बघून तिला स्वयंपाक येतो की नाही ते कळतं, तसं मला तिथेच कळायला हवं होतं. त्याने काच भरली, दोन मिनिटं थांबला, मोजलं.

"एकशे सत्तेचाळीस. सात हजार तीनशे पन्नास."

मग मी बसले. माझ्या नळीने, माझ्या काचेवर. खात्री करायला दोनदा मोजलं. एकशे एक्कावन्न. एवढा फरक साईंच्या दोन मोजण्यांतही पडायचा. मी पुन्हा काचेत डोकं घातलं, पण पेशी काही माझ्या बाजूने बोलेनात. त्या माणसाला मोजता येत होतं. चांगलं येत होतं.

"झालं समाधान?" डॉक्टर म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, त्याची त्याला गरजच राहिली नव्हती. "तुमच्या नवऱ्याचं रक्तही मी याच काचेवर मोजलं होतं. सात हजार चारशे होते म्हणून सात हजार चारशे लिहिले."

रांगेतून कुणीतरी हसलं. ते हसणं मला नव्हतं. मी वळून बघितलं तर सगळे माझ्या दिराकडे बघत होते आणि दीर पायरीवर बसून बोट चोखत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "ता रगत माझाच व्हता."

मला काही कळेना. तो रडत सांगू लागला. आदल्या वर्षी यांच्या पेशी तीन हजारांवर आल्या होत्या. डॉक्टरने ताकीद दिली की पुढल्या खेपेला वाढल्या नाहीत तर खातं बदलणार. मी तेव्हा पोटुशी होते. खातं बदललं की दूध बंद. "दादानं मना सांगितलान, तुझा रगत ठणठणीत हाय, माझ्या बिल्ल्यावर तू बोट दे. एकदाच दे म्हनला. मंग दुसऱ्यांदा म्हनला. मंग तिसऱ्यांदा." आणि हे एकट्या यांनीच केलं होतं असंही नाही. रांगेतल्या निम्म्या माणसांना ही युक्ती ठाऊक होती. तिला त्यांच्यात नावही होतं, उसनं बोट. भावाचं, मेव्हण्याचं, नाहीच तर बांधणी खात्यातल्या कुठल्याही तगड्या गड्याचं.

डॉक्टरचा चेहरा आता पांढरा पडला होता.

"तुम्ही तोंडाकडे बघितलं नाहीत?" मी विचारलं. "हा काळा, ते गोरे. याला मिशी, त्यांना नाही. तीन वेळा समोर आला हा माणूस."

"मी बिल्ला बघतो आणि बोट बघतो," तो म्हणाला. "चाळीस माणसं असतात."

हे ऐकून माझ्या अंगाचा भडका उडाला, पण तो आता पूर्वीसारखा सरळ त्याच्याकडे जाईना. वाटेत दुसराच माणूस उभा होता. मिठाच्या गुळण्या सांगितल्या त्या दिवशी हे या टेबलापुढे उभे होते आणि आकडा आपला नाही हे त्यांना माहीत होतं. मी शेजारी होते, मुलगी कडेवर होती. एक शब्द बोलायचा होता. डॉक्टर, ते रक्त माझं नव्हे, माझं आत्ता घ्या. जीभ झडली असती का? आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण मी ना दातांना सोडायला तयार होते ना ओठांना. त्या बाकावर बसून मी मेलेल्या नवऱ्याला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की माझ्या सासूनेही कधी कुणाला दिल्या नसतील. आणि शिव्या देता देता आठवलं की ते दूध मी प्यायले होते. रोज, डब्याच्या तळाशी राहिलेली सायसुद्धा बोटाने पुसून. मला कुणी फसवलं नव्हतं, मी फक्त विचारलं नव्हतं की तुमच्या वाटणीचं दूध मी पिते, मग तुमच्या अंगातलं विष कशाने उतरतं.

कारखान्याच्या ऑफिसातले एक साहेब आले आणि मला गोड बोलून बाहेर काढायला लागले. मी म्हटलं, मी ठाण्याला कारखान्यांच्या सरकारी तपासनिसाकडे जाते. एका माणसाच्या बिल्ल्यावर दुसऱ्याचं रक्त तीन वेळा घेतलं, याला चाळीस साक्षीदार आहेत. साहेबांनी खुर्ची दिली. मग मी माझी अट सांगितली. पुढच्या खेपेपासून रक्त घ्यायच्या दिवशी मी या टेबलाशी बसणार. खात्याचा मुकादम शेजारी उभा राहून माणूस ओळखेल, प्रत्येकाचं तोंड मी बघणार, बोट मी टोचणार, आकडाही मीच मोजून लिहिणार. आणि माझ्या दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टरच्या टेबलावरच्या काचेखाली राहतील. काढल्या तर त्याच दिवशी ठाणं.

डॉक्टरने स्वतःच काच उचलून धरली आणि मी चिठ्ठ्या शेजारी शेजारी सरकवल्या.

पहिल्याच खेपेला मी तीन उसनी बोटं पकडली. ज्यांची ती असायला हवी होती त्यांना ओढून आणून टोचलं. दोन हजार तीनशे, दोन हजार आठशे, तीन हजार शंभर. तिघेही त्याच दिवशी खात्याबाहेर. दर वेळी डॉक्टर आधी काचेखालच्या चिठ्ठ्यांकडे बघायचा, मग समोरच्या माणसाच्या तोंडाकडे, आणि म्हणायचा, "हिरड्या दाखव." बसल्या जागी मला गारगार वाटायचं. पण खरं सुख मला कामगारांना पकडण्यात होतं. दुसऱ्याला पुढे करून मागे लपणाऱ्या प्रत्येक माणसात मला माझा नवराच दिसायचा. कानाला धरून बाहेर काढावं तसं मी एकेकाला बाहेर काढत होते आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, बघा, असं काढायचं होतं तुम्हाला. एकदा एकाच्या बारा हजार भरल्या. याने काहीतरी नवी लबाडी केली म्हणून मी त्याच्यावर ओरडले, तर मांडीला हे एवढं गळू निघालं. त्याची मात्र मी माफी मागितली.

बायका मला शिव्याशाप देऊ लागल्या. ज्यांचं दूध बंद झालं त्यांतली एक मांजर्लीच्या विहिरीवर मला आडवी आली. म्हणाली, "स्वतःचा नवरा खाल्लास, आता आमच्या पोरांच्या तोंडचं दूध काढतेस?"

"दूध गेलंय तुझं," मी म्हटलं. "नवरा आहे ना घरात? जा, त्याला जेवायला वाढ."

तिने माझी घागर लाथेने उलटी केली. मी पुन्हा भरली.

वर्षभरात दिराचं लग्न झालं आणि त्याची बायको पोटुशी राहिली. मुकादमाने त्याला विचारलं, भावाची जागा रिकामी आहे, येतोस का सोल्युशनला? हा हो म्हणाला. मी चामटोलीला जाऊन भांडले. सगळं माहीत असून जातोस? तो छाती ठोकून म्हणाला, "माझा रगत तीन तीनदा पास झालेला हाय वहिनी. दादाचा मुळातच कच्चा व्हता." ही समजूत कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. रक्त पास झालं की ते कायमचं पास, मॅट्रिकसारखं. सासूसुद्धा त्याच्याच बाजूने. मी म्हटलं, जा. बोट शेवटी माझ्याकडेच येणार आहे.

पहिल्या खेपेला सहा हजार दोनशे. दुसऱ्या खेपेला चार हजार चारशे. तिसऱ्या खेपेला मी चार चौकोन मोजले आणि पुन्हा मोजले. अठ्ठावन्न. दोन हजार नऊशे.

तो टेबलापाशीच उभा होता. माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं. वाकून हळूच म्हणाला, "वहिनी, सात हजार लिही."

मी मान हलवली.

"एकदाच. पोर झाला की मी आपसूक खाता सोडतो. घरात तिला दुसरा काय हाय प्यायला?" मी लिहायला टाक उचलला तसा त्याने माझा हात धरला. "दादासाठी मी तीनदा बोट दिला. तू मना एक आकडा देत नाय?"

डॉक्टर आमच्याकडे बघत होता, पण मध्ये पडला नाही. मी दिराचा हात सोडवला, वहीत दोन हजार नऊशे लिहिलं आणि रांगेला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. त्याच दुपारी त्याला गठ्ठे उचलायला पाठवलं.

मी कॅम्पातल्या गवळ्याकडून रोज अर्धा शेर दूध लावलं आणि चामटोलीला पाठवू लागले. पहिल्या दिवशी जावेने ते उंबऱ्याबाहेर ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. तिसऱ्या दिवशी सासूने ते घेतलं. पोरगा झाला, चांगला धट्टाकट्टा. मला बारशाला बोलावलं नाही.

दीर त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आजपर्यंत नाही. लग्नकार्यात समोरून आला तर बाजूने जातो. पण ज्यांच्या पेशी उतरल्या होत्या त्यांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासायचं, असं डॉक्टरने स्वतःच ठरवलं होतं, त्यामुळे यावं त्याला लागायचंच. यायचा, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा आणि हात टेबलावर टाकायचा. मी सुई लागते त्याहून जरा जोरानेच टोचायचे. तो हूं की चूं करायचा नाही. तीन हजार सहाशे. चार हजार आठशे. साडेपाच हजार. मी आकडा मोठ्याने सांगायचे आणि तो ऐकलं न ऐकलंसं करून निघून जायचा. नको बोलूस मेल्या, मी त्याच्या पाठीकडे बघत मनात म्हणायचे, जन्मभर नको बोलूस. जिवंत राहा आणि तीन महिन्यांनी बोट दे.